ड जीवनसत्त्व आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या

(ज्येष्ठ नागरिकांसाठी दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



वय वाढले की चाल मंदावायचीच, असे आपल्याकडे धरून चालले जाते. सेवानिवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षकांचे उदाहरण घ्यावे. वर्षानुवर्षे पहाटे देवळापर्यंत जाऊन येणारे हे गृहस्थ हळूहळू अंगणापर्यंतच येऊ लागतात. पावले आखूड पडतात, जमिनीला घासत पडतात. वाण्याच्या बिलाची बेरीज पूर्वी तोंडी होत असे, तिला आता कागद लागतो. लघवीची घाई आवरत नाही. ज्या वर्तमानपत्रावाचून सकाळ उजाडत नसे, ते घडीही न मोडता दुपारपर्यंत पडून राहते. घरची माणसे म्हणतात, ‘भाऊंचे आता वय झाले.’ अर्धांगवायूचा झटका आलेला नसतो, वाचा गेलेली नसते, तोंड वाकडे झालेले नसते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु अशा व्यक्तीच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली, तर पुष्कळदा मेंदूच्या खोल भागात लहान लहान पोकळ्या आणि पांढुरके डाग आढळून येतात. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार म्हणतात तो हाच.

अशाच व्यक्तीचे रक्त तपासले, तर त्यात ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी निघते. ही दोन निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवली की मनात साहजिकच एक शंका येते. ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळेच तर या वाहिन्या बिघडल्या नसतील? आणि तसे असेल, तर ते जीवनसत्त्व पुरवून हा विकार रोखता येईल काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. साठ हजार एककांच्या पुड्या आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि त्या घेतल्या की मेंदूचे व हृदयाचे रक्षण झाले, अशा समजुतीने रक्तदाबाची गोळी बाजूला ठेवणारी माणसेही आढळतात.

प्रथम या वाहिन्यांची रचना पाहू. मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. परंतु शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. हा पुरवठा करणाऱ्या मोठ्या धमन्या मेंदूच्या तळाशी असतात. त्यांच्यापासून जवळजवळ काटकोनात अतिशय बारीक शाखा फुटतात आणि थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. या शाखा कुळागरातल्या शेवटच्या माडाकडे जाणाऱ्या पाटासारख्या असतात. तो पाट बुजला तर दुसऱ्या वाटेने पाणी येण्याची सोय नसते. शिवाय मोठ्या धमनीतील दाब फारसा न ओसरता या नाजूक भिंतींवर येऊन आदळतो. वर्षानुवर्षे असे होत राहिले की भिंती जाड होतात, ताठ होतात आणि आतला मार्ग अरुंद होतो. कोठे वाहिनी बंद पडून तेवढा भाग मरतो, कोठे रक्ताचा थेंब झिरपतो, तर कोठे पुरवठा अपुरा पडून मेंदूचा पांढरा भाग, म्हणजे निरोप वाहून नेणाऱ्या तंतूंचे जाळे, हळूहळू विरळ होत जाते.

मेलेल्या भागाच्या जागी जी पोकळी उरते ती साधारणतः ३ ते १५ मिलिमीटरची असते. फ्रेंच वैद्य देशांब्र यांनी १८३८ मध्ये तिला ‘खळगा’ या अर्थाचे नाव दिले आणि १९०१ मध्ये पिएर मारी यांनी अशा खळग्यांनी भरलेल्या मेंदूंचे सविस्तर वर्णन केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात मिलर फिशर यांनी मृत व्यक्तींचे मेंदू बारकाईने कापून पाहिले आणि या खळग्यांचा उच्च रक्तदाबाशी असलेला निकटचा संबंध दाखवून दिला. आज असे मानले जाते की मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन येणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश या सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारामुळे येतात. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशातही त्याचा वाटा मोठा आहे. पुष्कळ खळगे मात्र काहीही गाजावाजा न करता पडतात. एकेकटा खळगा जाणवत नाही. दहा झाले की भाऊ अंगणापलीकडे जाईनासे होतात.

आता ड जीवनसत्त्वाकडे वळू. त्याची कथा मुडदुसापासून सुरू होते. पाय वाकलेली, छाती पुढे आलेली, हाडे मऊ पडलेली मुले युरोपातील कारखान्यांच्या शहरांत एके काळी घरोघरी दिसत. थिओबाल्ड पाम हे डॉक्टर मिशनरी म्हणून जपानात काही वर्षे राहून इंग्लंडला परतले, तेव्हा जपानात जवळजवळ न दिसणारा हा रोग मायदेशी इतका का, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी निरनिराळ्या देशांतील सहकाऱ्यांकडून माहिती मागवली आणि १८९० मध्ये निष्कर्ष मांडला की मुडदूस गरिबीने किंवा निकृष्ट अन्नाने तेवढा होत नाही, जेवढा सूर्यप्रकाशाच्या अभावाने होतो. निष्कर्ष अचूक होता. तरीही ते निरीक्षणच होते, आणि जवळजवळ तीस वर्षे ते तसेच पडून राहिले.

१९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा जंबुपार, म्हणजेच अतिनील, प्रकाश टाकला आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांवर हाडे भरून येताना पाहिली. त्यांनी एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ उघड होता. त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे सर्व शरीरभर जात होते. त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या व्हिएन्नामध्ये, हॅरिएट चिक या ब्रिटिश विदुषी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांवर प्रयोग केले. काहींना कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले, काहींना उन्हात ठेवले; दोन्ही गटांतील मुले बरी झाली, नुसत्या नेहमीच्या आहारावर ठेवलेली झाली नाहीत. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातील या गुणकारी द्रव्याला ड हे अक्षर दिले. १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक आडोल्फ विंडाऊस यांना मिळाले, ते याच वर्गातील द्रव्यांच्या आणि जीवनसत्त्वांशी असलेल्या त्यांच्या नात्याच्या अभ्यासाबद्दल.

हा इतिहास एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी निरीक्षण झाले, मग प्रयोग झाला, आणि प्रयोगाने निरीक्षणाला होकार दिला. मेंदूच्या वाहिन्यांच्या बाबतीत हा क्रम कोठवर आला आहे, हेच तपासायचे आहे.

त्वचेत तयार झालेले द्रव्य यकृतात एक रूप घेते आणि मूत्रपिंडात दुसरे, अधिक प्रभावी रूप. रक्ततपासणीत मोजले जाते ते यकृतातले रूप. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम एवढे प्रमाण बहुसंख्य लोकांच्या हाडांना पुरेसे आहे, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये ठरवले. या मापाने पाहिले तर सूर्याच्या या देशात विपरीत चित्र दिसते. दिल्लीतील निरोगी लोकांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास गाजला. त्यात डॉक्टर व परिचारिकांतही कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली आणि उघड्यावर कवायत करणारे सैनिक त्यांच्याहून बऱ्या स्थितीत होते. मुंबईतील निरोगी तरुण स्त्रीपुरुषांच्या २०११ च्या पाहणीत सुमारे सत्तर टक्क्यांचे प्रमाण २० च्या खाली होते.

असे का व्हावे? काचेतून येणाऱ्या उन्हातून हे उपयुक्त किरण गाळले जातात. गडद त्वचेला अधिक वेळ लागतो. अंगभर कपडे असले तर चेहरा आणि हातच काय ते उघडे राहतात. कोवळ्या उन्हाविषयी आपल्याकडे फार ममत्व आहे; परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणातच अडतात. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते, त्या वेळी ते जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोचतात. कोकण-गोमंतकात तर जूनपासून चतुर्थीपर्यंत सूर्यदर्शनाचीच वानवा. बंद दिवाणखान्यात पंख्याखाली घातलेले सूर्यनमस्कार शरीराला हितकर खरेच, पण सूर्याला त्यांचा पत्ता नसतो. वार्धक्याचा परिणाम वेगळाच. म्हाताऱ्या त्वचेची हे द्रव्य बनवण्याची शक्ती तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी होते, असे १९८५ मध्येच दाखवून देण्यात आले होते. अन्नातून मिळण्याचे मार्ग मोजके आहेत: बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक, आणि अलीकडे हे जीवनसत्त्व मिसळून विकले जाणारे दूध व खाद्यतेल.

आता मूळ शंकेकडे येऊ. ती निराधार नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशींवर ड जीवनसत्त्व ग्रहण करणारी केंद्रे असतात. शिकागो येथे ज्या उंदरांमध्ये अशी केंद्रेच नसतील अशी व्यवस्था केली होती, त्यांच्या शरीरात रक्तदाब वाढवणारी रेनिनची यंत्रणा मोकाट सुटली आणि रक्तदाब चढला, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांतही दुवे सापडले. दक्षिण कोरियात पक्षाघाताच्या ७५९ रुग्णांची तपासणी झाली. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, त्यांच्या मेंदूत खळगे, पांढरे डाग आणि खोलवरचे सूक्ष्म रक्तस्राव अधिक, असे २०१५ मध्ये तेथील डॉक्टरांनी नोंदवले. अमेरिकेत सोळाशेहून अधिक वृद्धांवर काही वर्षे नजर ठेवली गेली. त्यांपैकी ज्यांच्यात तीव्र कमतरता होती त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा संभव दुपटीहून अधिक निघाला. हा अभ्यास २०१४ चा.

त्याच वर्षी अमेरिकेतच दुसऱ्या एका पाहणीचा निकाल आला. तीतही सोळाशेहून अधिक माणसे होती. मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या आणि त्यांपैकी अनेकांच्या सुमारे दहा वर्षांनी पुन्हा घेतल्या होत्या. एकदा मोजलेले ड जीवनसत्त्वाचे प्रमाण आणि पुढे वाढलेले डाग किंवा खळगे यांचा संबंध येथे जुळला नाही.

एकीकडे संबंध दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही, असे का? येथे पुन्हा भाऊंच्या अंगणात जावे लागते. ते उन्हात जात नाहीत म्हणून त्यांच्या मेंदूच्या वाहिन्या बिघडल्या, की वाहिन्या बिघडून चाल गेली म्हणून ते उन्हात जात नाहीत? रक्ताच्या एका तपासणीवरून याचे उत्तर मिळणे शक्य नाही. घरात बसलेल्या माणसाचे ड जीवनसत्त्व घटणारच. स्थूल माणसाच्या शरीरात ते चरबीत अडकून रक्तात कमी दिसते, आणि स्थूलपणाबरोबर रक्तदाब व मधुमेह येतातच. मूत्रपिंडे थकली तर जीवनसत्त्वाचे प्रभावी रूप तयार होत नाही. आणि मूत्रपिंडे थकवणारा उच्च रक्तदाबच मेंदूच्या वाहिन्याही थकवत असतो. रक्तातले कमी आकडे अशा वेळी रोगाचे कारण नसून रोगाची सावली असू शकतात. पाम यांच्या निरीक्षणात ही अडचण नव्हती काय? होती. पायाने अधू झालेले मूलही घरातच बसते. ती अडचण दिव्याने आणि तेलाने सोडवली.

तसा प्रयोग येथेही झाला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. अमेरिकेत २५,८७१ स्त्रीपुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गट पाडले गेले. निम्म्यांना रोज २,००० एकके ड जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून अधिक काळ हे चालले. २०१८ मध्ये मोजदाद प्रसिद्ध झाली तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि या प्रकारचे मृत्यू मिळून एका गटात ३९६ आणि दुसऱ्यात ४०९ घटना घडल्या होत्या. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला आहे. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांहून अधिक लोकांना दरमहा एक लाख एकके देऊन पाहिले, तेथेही २०१७ मध्ये असाच निकाल आला. ऑस्ट्रेलियात २१ हजारांहून अधिक वृद्धांना दरमहा साठ हजार एकके दिली गेली. २०२३ च्या अहवालात पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. जन्मतःच ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व थोडे अधिक किंवा थोडे कमी राहते, अशा आनुवंशिक गुणांच्या आधारे २०१८ मध्ये केलेल्या तपासातही पक्षाघाताशी, आणि त्याच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या प्रकाराशीही, कार्यकारणसंबंध आढळला नाही.

या प्रयोगांवर एक न्याय्य आक्षेप घेतला जातो आणि तो सांगितला पाहिजे. अमेरिकेतील प्रयोगात भाग घेतलेल्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व आधीपासून पुरेसे होते. भरलेल्या घड्यात पाणी ओतून तहान भागते की नाही, हे कळत नाही. शिवाय तेथे पक्षाघात मोजले गेले, सूक्ष्म खळगे नव्हेत. म्हणून दार अगदी बंद झाले असे नाही. परंतु ते उघडलेलेही नाही, आणि विक्रेते मात्र ते सताड उघडे असल्यासारखे बोलतात.

ज्याच्या हाडांना खरोखर उणीव आहे, त्याला हे औषध अवश्य हवे. घराबाहेर न पडणारे वृद्ध, हाडे दुखणारे, वारंवार पडणारे, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज ६०० एककांची शिफारस केली आहे. अमेरिकेच्या अंतःस्राव-तज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना पूरक मात्रा सुचवली. निरोगी प्रौढांनी उठसूट रक्त तपासत बसू नये, असेही त्याच वेळी सांगितले. मात्र अधिक घेतले की अधिक गुण, हे या द्रव्याला लागू पडत नाही. चरबीत साठणारे असल्याने ते साचते. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ स्त्रियांवरील प्रयोगात वर्षातून एकदाच पाच लाख एककांची मात्रा दिली गेली. तेव्हा पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. हा २०१० चा निष्कर्ष आहे. काश्मीरमधील डॉक्टरांनी २०११ मध्ये लागोपाठ घेतलेल्या इंजेक्शनांनी विषबाधा झालेल्या रुग्णांचे वर्णन केले आहे. अशा वेळी रक्तात कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, भान हरपते आणि मूत्रपिंडांना इजा पोचते. ज्या वाहिन्यांच्या रक्षणासाठी पुडी घेतली, त्यांना यातून काय मिळाले?

त्या वाहिन्यांचे रक्षण करणाऱ्या एका उपायाला मात्र प्रयोगाचा होकार मिळालेला आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट केले. एकात वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवला, दुसऱ्यात १२० च्या खाली. काहींच्या मेंदूच्या प्रतिमा सुमारे चार वर्षांच्या अंतराने घेतल्या. पहिल्या गटात पांढरे डाग सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात ०.९२ ने. बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाणही दुसऱ्या गटात १९ टक्क्यांनी कमी राहिले. २०१९ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण त्यात नव्हते, आणि अशक्त वृद्धांचा दाब फार उतरवला तर उभे राहताच घेरी येते. तेव्हा कोणाचा आकडा किती असावा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. तंबाखू सोडणे आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवणे हे त्याच्या जोडीला. गोमंतकीय जेवणात हे मीठ सुक्या माशांतून आणि लोणच्यांतून गुपचूप ताटात येते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

राहिला भाऊंचा प्रश्न. त्यांना अंगणात खुर्ची मांडून द्यावी, अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसवावे, जमेल तेवढे काठीच्या आधाराने चालवावे. ऊन हाडांच्या कामी येईल आणि चालणे रक्तदाबाच्या. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन त्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा. पोचताच लगेच नव्हे. पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसल्यावर. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. पहिला आकडा वहीत लिहून ठेवावा, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा मोजावा आणि तोही त्याच्याखाली लिहावा. पुढच्या भेटीला ती वही सोबत न्यावी.